काकांचं माप

गाऊन अंगावर चढवल्यावर मास्तरांनी सवयीने आधी शिवण पाहिली. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या तुंबलेल्या, तासाभरात आत तार घालून तिथे स्टेंट बसवायचे, घरची माणसं दाराबाहेर तोंडं बारीक करून बसलेली, आणि हा माणूस गाऊनचा काठ उलटा करून दुमड किती घेतलीय ते बघतोय. चाळीस वर्षं कापड बेतणाऱ्या माणसाचा हात दुसरीकडे जाणार तरी कुठे? दुमड बरोबर होती, टाका बारीक आणि सरळ होता. मग त्यांनी पाठीमागचे बंद चाचपले.

बंद आखूड होते. मानेजवळचा कसाबसा बांधला गेला असता. कमरेवरची दोन टोकं जेमतेम एकमेकांपर्यंत पोचत होती, पण गाठ मारायला काही उरत नव्हतं. आणि प्रत्येक बंदाच्या मुळाशी एक छोटा चौकोन शिवून त्यात फुली घातली होती. धुऊन धुऊन दोरा पांढुरका झाला होता, तरी फुली ओळखू येत होती. तसा टाका एकाच दुकानात घालत असत. ते दुकान मास्तरांचं होतं.

"आजोबा, खोटे दात, अंगठी, घड्याळ, सगळं काढलंत ना?" नर्सने विचारलं. "वळा, बांधून देते." तिने दोनदा गाठ मारून पाहिली, ती दोन्हीदा सुटली. "ह्या जुन्या गाऊनचं असंच आहे. कुणी शिवलेत कुणास ठाऊक. मागे हात धरून ठेवा म्हणजे झालं."

मास्तरांनी मागे हात धरला. साठी उलटलेला, गल्लीत सगळे ज्याला मान देऊन मास्तर म्हणतात असा माणूस, पण त्या घडीला त्यांना फक्त आपल्या उघड्या पाठीला लागणारा वारा कळत होता.

घरच्यांना दोन मिनिटं आत सोडलं. बायको, मुलगा, सून. मुलगा आता दुकान बघायचा. सून शाळेत भूगोल शिकवायची आणि घरातल्या प्रत्येक संकटाचा तक्ता करून भिंतीवर लावायची. तिने कागद तपासले. "बाबा, सकाळच्या चारही गोळ्या घेतल्यात ना? रात्रीपासून पोटात काही नाही ना? चोरून चहा?"

"नाही गं."

"मागे हात कशाला धरलाय?" तिने वाकून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. भीतीने बसलेला घसा मोकळा करायला तिला काहीतरी हवंच होतं. "अगं बाई, हा तर काकांच्या मापाचा गाऊन."

मुलगा हसला. मास्तरही हसले. बायको पुढे झाली, तिने बंद हातात घेतला, फुलीवरून एकदा अंगठा फिरवला आणि बंद सोडून दिला. "शाल देऊ का पाठीवर?" एवढंच ती म्हणाली. ती हसली नव्हती. मास्तरांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

त्या हसण्यामागचं सगळं ठाऊक असलेली दोनच माणसं आहेत, असं मास्तर सहा वर्षं धरून चालले होते. एक ते स्वतः आणि दुसरा त्यांचा धाकटा भाऊ.

सहा वर्षांपूर्वी ह्याच हॉस्पिटलने दोनशे गाऊन शिवायला दिले होते. शनिवारी सकाळी माल पोचवायचा होता आणि शुक्रवारी दुपारी बंदांची पट्टी संपत आली. व्यापाऱ्याचं दुकान सोमवारपर्यंत बंद. धाकटा म्हणाला, "दादा, सोमवारी देऊ. दोन दिवसांनी काय बिघडतंय? आखूड केलेस तर गाठ बसणार नाही." पण मास्तरांनी शब्द दिलेला होता आणि आपल्या शब्दाचा त्यांना भारी अभिमान. उरलेली पट्टी त्यांनी स्वतः कापली, प्रत्येक बंद चार बोटं कमी. "पेशंट काय मिरवायला जातात का?" असंही वर म्हणाले. माल वेळेवर गेला.

आठवड्याने हॉस्पिटलच्या स्टोअरच्या बाई एक गाऊन हातात नाचवत दुकानात आल्या. गिऱ्हाईकं बसलेली. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "बेतायचं काम भावाकडे होतं. त्याच्या हातून माप चुकलं."

धाकटा टेबलापाशी उभा होता. तो डावखुरा. त्याच्यासाठी वडिलांनी मुद्दाम घडवून घेतलेली डाव्या हाताची कात्री त्याच्या हातात होती. तो बोलला नाही. दुकानाची अब्रू दादाने राखली, घरी गेल्यावर खरं सांगेल, अशी त्याची समजूत. संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा मुलाने विषय काढला. तेव्हा तो नुकता दुकानात येऊ लागला होता, रक्त गरम होतं. "काका, चूक झाली तर झाली म्हणायचं. बाबांना लोकांसमोर मान खाली घालावी लागली." धाकट्याने मास्तरांकडे पाहिलं आणि थांबला. चांगला थांबला. ताटातली भाजी निवेपर्यंत थांबला. आणि मास्तरांनी पाणी मागितलं.

महिन्याभरात धाकटा दुकान सोडून गेला. आता तो गाड्यांच्या सीटची कव्हरं बेतायच्या कारखान्यात होता. कात्री इथेच खिळ्यावर टांगून गेला. मागे राहिला तो घरातला एक विनोद. आखूड पडलेलं काहीही, पडदा, चादर, सुतळी, सुट्टी, ते 'काकांचं माप'. पहिल्यांदा हा विनोद झाला तेव्हा मास्तरांचा घास घशात अडकला होता. पुढे तोही अडकेनासा झाला.

"चला," नर्स म्हणाली. चाकांची खुर्ची आली. लांबलचक कॉरिडॉरमधून जाताना मास्तर एका हाताने खुर्चीचा दांडा आणि दुसऱ्या हाताने पाठ धरून बसले होते.

आतली खोली थंडगार होती. खुर्चीवरून टेबलावर चढताना मागचा हात सोडावाच लागला. चार अनोळखी माणसं उभी होती, त्यांतल्या दोन मुली सुनेहूनही लहान. कुणी हसलं नाही, कुणी बघितलंही नसेल. ते रोज हेच बघतात. पण मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्या टेबलावर आपल्या आधी किती जण असे चढले असतील, त्यांत बायका किती, म्हाताऱ्या किती, असा हिशेब मन आपोआप करू लागलं. आपण त्यांना म्हणालो होतो, मिरवायला जातात का.

डॉक्टरांनी मनगट बधिर केलं, बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. "काका, हाताची नळी आकसतेय. पायाकडून जाऊ या. घाबरू नका, जागेच राहाल, दुखणार नाही." गाऊन वर सरकवला गेला. जांघेत सुई टोचल्याचं कळलं, मग नुसता दाब. मग अंगातून एकदम गरम लाट गेली. औषध सोडल्यावर तसं होतं, हे सुनेच्या तक्त्यात लिहिलेलं होतं.

"आता छातीत जरा दाबल्यासारखं होईल. फुगा फुगवतोय."

जरा नव्हे, चांगलंच दाबलं. कुणी गुडघा रोवून बसावं तसं. मास्तरांनी डोळे मिटले. मरणाची भीती वाटेल असं त्यांना वाटलं होतं. वाटली ती वेगळीच भीती. आपण आत्ता गेलो तर फोटोला हार पडेल, चार माणसं 'शब्दाला पक्के होते' म्हणतील, आणि धाकटा त्या हाराखाली मान खाली घालून उभा राहील, माप चुकवणारा म्हणून. खोटं कायमचं खरं होऊन बसेल. सांगणारा उरणारच नाही. वाचलो तर सांगेन, असं त्यांनी मनात धरलं. दाब सुटला. "झालं, काका. दोन्ही बसले," डॉक्टर म्हणाले. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते सगळ्यांना आनंदाचं वाटलं.

वॉर्डात आणलं तेव्हा दुपार झाली होती. उजवा पाय सहा तास वाकवायचा नाही, मान उचलायची नाही, भरपूर पाणी प्यायचं. माणूस एकच जवळ राहील. मास्तरांनी डोळे उघडले तर प्लास्टिकच्या खुर्चीत धाकटा बसला होता. केस पुष्कळ पिकले होते. मांडीवर डब्याची पिशवी होती.

"तू?"

"वहिनींनी फोन केला. तुझ्या मुलाला दुकान बंद ठेवू नकोस म्हटलं, मला रजा आहे." तो इकडेतिकडे बघत होता. "वहिनी खाली गोळ्या समजावून घेतायत. दुखतंय?"

"नाही."

धाकट्याने थोड्या थोड्या वेळाने पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावला. मग व्हायचं तेच झालं. इतकं पाणी पाजल्यावर दुसरं काय होणार. मास्तरांनी नर्सला हाक मारायला तोंड उघडलं. ती पलीकडच्या खाटेवर सलाइन लावत होती. धाकट्याच्या लक्षात आलं. तो उठला, पडदा ओढला, खाटेखालचं भांडं काढलं.

"राहू दे. ती येईल."

"ती येईपर्यंत चादर बदलावी लागेल. पाय हलवू नकोस."

त्याने गाऊन बाजूला केला, भांडं लावलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. काही होईना. निजून, भावाच्या हातात. मिनिट गेलं, दोन गेली. धाकट्याने काही न बोलता हात लांब करून बेसिनचा नळ बारीक सोडला. लहानपणी आई असंच करायची, दोघांसाठीही. मास्तरांनी उशीत तोंड खुपसलं. काम झालं.

भांडं धुऊन धाकटा परत आला. गाऊन सारखा करता करता त्याच्या हाताला बंद लागला. त्याने तो उजेडात धरला.

"आपला आहे हा."

"हो."

"वहिनीची फुली." त्याने बंद बोटाला गुंडाळून पाहिला. दोनच वेढे बसले. तो चक्क हसला. "गाठ बसत नाही."

"धाकट्या, ते बंद... त्या दिवशी स्टोअरच्या बाईंसमोर मी..."

"दादा, मला काय सांगतोस? मी तिथेच होतो ना."

"तरी पण. माझं चुकलं."

"हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. आणि आज नको सांगूस. आज तू सांगितलंस तर सगळे रडतील, तुझे पाय चेपतील, 'आजारी माणसाने किती मनाला लावून घेतलं' म्हणतील. माझ्या वाट्याला पुन्हा काही येणार नाही. बरा हो. दोन वेळा पोटभर जेव. मग सांग, जमलं तर."

एवढ्यात बायको गोळ्यांची पिशवी घेऊन आली. भाऊजींनी डबा खाल्ला का, असं तिने विचारलं. भाऊजी म्हणाले, खातो.

घरी आल्यावर जिना चढायला बंदी होती, म्हणून मास्तरांची खाट दुकानामागच्या बेतायच्या खोलीतच टाकली. मधे टेबल, भिंतीला कापडाचे तागे, खिळ्यांवर कात्र्या. सुनेने तक्ता लावला. रक्त पातळ राहायच्या दोन गोळ्या लाल शाईने, 'एकही दिवस चुकवायची नाही' असं खाली दोनदा अधोरेखित. मांडीवर जांभळा-काळा डाग पसरला होता, तो रोज थोडा पिवळा पडत होता. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. टेबलाभोवती दहा फेऱ्या सकाळी, दहा संध्याकाळी. मास्तर गोळ्यांना चुकले नाहीत, फेऱ्यांनाही चुकले नाहीत. सांगायचं मात्र रोज उद्यावर गेलं.

पहिल्या दिवशी अंगात ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी समाचाराला माणसं होती. तिसऱ्या दिवशी सगळे जेवायला जवळ बसले असताना त्यांनी घसा खाकरला, तर मुलगा घाबरून "छातीत दुखतंय का?" म्हणत उठला. "नाही रे, पाणी दे," मास्तर म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं की आपण पुन्हा पाणीच मागितलं. त्या रात्री त्यांना स्वतःच्याच तोंडाचा विटाळ वाटला.

रविवारी दुपारी धाकटा आला. सहा वर्षांत पहिल्यांदा दुकानाच्या दारातून. मुलाने स्टूल पुढे केलं, "या काका," म्हणाला आणि मोजपट्टी गुंडाळत बसला. ती आधीच गुंडाळलेली होती. बायकोने चहा आणला. बोलणं हवेवर आलं, कारखान्यावर आलं, आणि पुन्हा हवेवर गेलं. मास्तरांना थंडी वाजली म्हणून सुनेने पांघरूण त्यांच्या छातीपर्यंत ओढलं. पाय उघडे पडले. पायांवर ओढलं, तर छाती उघडी पडली.

"हे पण काकांचं..." तिने जीभ चावली. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"माप," धाकट्याने वाक्य पुरं केलं. "थांबलीस कशाला? ठाऊक आहे मला." तो बशीतला चहा संपवत म्हणाला, "मागच्या महिन्यात आमच्या घराचे पडदे करायला दिले. पडदेवाला म्हणतो, एक पडदा काकांच्या मापाचा झालाय, बदलून देतो. मी विचारलं, कोण काका? म्हणाला, माहीत नाही, सगळे म्हणतात तसं."

सून "काका, मला माफ करा," असं पुटपुटली.

"तू कशाला माफी मागतेस?" मास्तर म्हणाले. त्यांनी पांघरूण बाजूला सारलं आणि उठून बसले. मुलगा आधार द्यायला आला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. "काकांचं माप कधीच चुकलं नव्हतं. बंद मी कापले. पट्टी पुरणार नव्हती, तो म्हणाला सोमवारी देऊ, मी ऐकलं नाही. बाई ओरडायला लागल्या तेव्हा मी त्याचं नाव पुढे केलं. मग घरी विषय निघाला, तेव्हाही खरं बोललो नाही. मग सहा वर्षं हसलो."

मुलगा बापाकडे बघत राहिला. मग काकांकडे. "मी तेव्हा तुम्हाला म्हणालो होतो..." तो एकवीस वर्षांचा असताना छाती पुढे काढून जे बोलला होता ते शब्दन् शब्द त्याला आठवत होतं, असं दिसत होतं. "बाबा, तुम्ही मला बोलू दिलंत."

"हो."

"एकदा नाही अडवलंत?"

"नाही."

हे सगळ्यात जड गेलं. मुलाने पूर्वी कधी त्यांच्याकडे तसं पाहिलं नव्हतं, आणि त्यांना नजर वळवावीशी वाटली. वळवायची नाही, असं त्यांनी ठरवलं.

"बंद मी शिवले होते," बायको म्हणाली. ती दाराला टेकून उभी होती. "पहिला हातात घेतला तेव्हाच कळलं आखूड आहेत ते. पट्टी कोण कापत होतं, तेही समोर दिसत होतं. भाऊजी, मला तेव्हापासून माहीत आहे. ह्यांच्या तोंडाकडे बघून गप्प बसले. रोज वाटायचं, आज हे बोलतील."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. म्हणजे सहा वर्षं, ही जेवायला वाढताना, आपण विनोदावर हसताना, आपण हिच्यासमोर उघडेच होतो. गाऊन मागून उघडा असतो, हे फक्त घालणाऱ्याला दिसत नाही.

धाकटा उठला. तो भिंतीपाशी गेला. शेवटच्या खिळ्यावर डाव्या हाताची कात्री होती, दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नव्हती म्हणून तशीच राहिलेली. त्याने ती काढली, बोटं घातली, उघडली, मिटली. करकर आवाज नाही, अडकणं नाही.

"गंजली नाही."

"दर महिन्याला तेल देतो," मास्तर म्हणाले.

धाकट्याने कात्री पुन्हा उघडली, मिटली. सहा वर्षांत ऐकू आला नव्हता तो तिचा आवाज खोलीभर झाला. मग तो भावाकडे न बघता म्हणाला, "तेल देत होतास. आणि एक वाक्य बोलवलं नाही तुला."

आजार, वय, दुकानाची अब्रू, सगळं मास्तरांच्या तोंडाशी आलं आणि त्यांनी ते गिळलं.

धाकट्याने टेबलावरचा कापडाचा एक तुकडा घेतला, कात्री त्यात नीट गुंडाळली आणि पिशवीत घातली. चपला पायात सरकवल्या.

"भाऊजी," बायकोने दारात विचारलं, "परत याल ना?"

"धार गेलीय हिची. लावून घ्यायला हवी," तो म्हणाला. कुठे लावणार आणि मग कुठे वापरणार, ते त्याने सांगितलं नाही. मुलगा त्याच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेला. तिथे दोघं काहीतरी बोलत उभे राहिले, ते आतून ऐकू येत नव्हतं.

सून तक्त्यापाशी गेली आणि दुपारच्या गोळीसमोर खूण करून पाण्याचा पेला घेऊन आली. मास्तरांनी गोळी घेतली. तिने पांघरूण घालायला हात पुढे केला, आणि पायांकडे ओढावं की छातीकडे, ह्या विचारात क्षणभर अडखळली. आता ह्या आखूडपणाला काय म्हणायचं, ते तिलाही ठाऊक होतं, पण ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मास्तरांना सोसवलं असतं.

"राहू दे," ते म्हणाले. रिकाम्या खिळ्याखाली भिंतीवर कात्रीच्या आकाराचा उजळ डाग राहिला होता. त्यांनी तिकडे बघत पाय पोटाशी ओढून घेतले.